दुसरा पंच

उन्हं चढायच्या आत कोंडीरामने आपलं खोपट आपल्याच हाताने उतरवलं. बारा वर्षं गायरानात उभं होतं ते. छपराचं गवत, कारवीचे कूड, चारही मेढी त्याने ओढ्याकडच्या घाणेरीच्या जाळीत दडवल्या. त्याच्या बायकोने, तुकाबाईने पाण्याचा डेरा, भांडी, वाकळा तिथेच नेऊन ठेवल्या, मेढींचे खड्डे बुजवले, चूल उकरली आणि सगळ्या जागेवरून शेणाचा हात फिरवला. मेंढरं घेऊन धाकटा दीर पहाटेच डोंगरापल्याड गेला होता.

"बारा वरसं ऱ्हायलो हितं," ती म्हणाली. "अन् आता बघा, जसं काय कुनी नव्हतंच."

"गप की जरा. सरपंचांनी निरोप धाडला म्हनून कळलं तरी. साहेबाला खोपट दिसलं की मोडत्यात, लाकूड बी नेत्यात."

दहाच्या सुमाराला सर्कलसाहेब सायकल ढकलत आले. बरोबर सरपंच हैबतराव, आणि मागे रेघा मारायच्या पांढऱ्या फक्कीची पाटी घेतलेला कोतवाल. उद्या गाव वाढलं तर घरं कुठे बांधायची, ती जागा हुडकून नकाशावर लाल पेन्सिलीने दाखवायची, हे साहेबांचं काम. मुठेच्या खोऱ्यातलं हे त्या आठवड्यातलं पाचवं गाव. चपलेचा अंगठा तुटलेला, डोक्यावर ओला रुमाल.

"सपाट आहे. पाणीही जवळ," साहेब म्हणाले. "अतिक्रमण कोणाचं?"

हैबतरावांनी बाभळीखाली उभ्या कोंडीरामकडे बघितलंसुद्धा नाही. त्या भल्या माणसाला वाटलं, आपण गरिबावर उपकार करतोय. "छ्या! कुनाचं न्हाई."

"मग सारवलीय कोणी?"

"गावच्या बाया वाळवनं घालत्यात."

साहेबांनी गुडघ्यावर पंचनामा लिहिला. जागा रिकामी, कोणाची वहिवाट नाही. सहीला दोन पंच लागतात. एक सरपंच झाले. दुसरा एवढ्या उन्हात आणायचा कुठून? बाभळीखाली एक जण उभा होताच. साहेबांनी त्याला कागद वाचून दाखवला आणि पुन्हा विचारलं, "इथे कोणी राहत नाही ना?"

"न्हाई साहेब. कुनीबी न्हाई," कोंडीराम म्हणाला आणि त्याने अंगठा उठवला. सुटलो एकदाचे, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

कोतवाल फक्की ओढू लागला. पहिलीच रेघ चुलीच्या जागेवरून गेली.

"चाळीस प्लॉट बसतील. गावच्या यादीप्रमाणे वाटा," साहेब दगडावर टेकत म्हणाले. "बरं झालं बाबा, इथे कोणाचं खोपट नाही. सोमवारीच नवा हुकूम आलाय. गायरानात ज्याचं खोपट उभं असेल, त्याला तीच जागा कायमची नावावर करून द्यायची. मागच्या गावात चार निघाली. सबंध दिवस गेला लिहिण्यात."

तुकाबाई धावतच पुढे आली. "आमचं हाय की साहेब! हितंच हाय! त्या जाळीत मेढी हायेत, चला दावते!"

हैबतरावांचं तोंड उतरलं. "व्हय साहेब. ह्येंचंच हुतं. म्याच म्हनलं हुतं काढा म्हनून."

साहेबांनी कागदावरचा अंगठा पुन्हा बघितला. रागवायचंही त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

"सरपंच, तुमची सही आहे. ह्याचा स्वतःचा अंगठा आहे. दोनदा विचारलं मी. आता खोडलं तर वर म्हणतील, मागाहून खोपटं उभी करतोय. आणि जाळीतल्या लाकडांना घर कसं म्हणू मी?"

"मग गावच्या यादीत तरी घाला," हैबतराव म्हणाले.

"यादीला राहायचा ठिकाणा लागतो. ह्याचा कुठला लिहू?"

कोंडीराम निळा अंगठा धोतराला घासत होता. शाई काही निघेना. त्याला रडू येत होतं, पण कुणाच्या नावाने रडायचं तेच कळत नव्हतं.

साहेबांनी कागद गुंडाळून पिशवीत घातले. घसा पार सुकला होता. "बाई, घोटभर पाणी मिळेल का?"

तुकाबाई जाळीआड गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. साहेबांनी तो एका दमात रिता केला.

"गार आहे हो. एवढ्या उन्हात आणलंत कुठून?"

"घरातनं," तुकाबाई म्हणाली.