पुढचं डावं चाक

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी पर्टेल संघाची निळी फोर्ड ऑस्ट्रेलियातल्या बाथर्स्टच्या डोंगरावर, शर्यतीच्या रस्त्याकडेच्या भिंतीला धडकली. चालक स्वतःच्या पायांनी बाहेर आला. पुढचं डावं चाक मात्र आडवं झालं होतं. शर्यतीआधीचा हा शेवटचा सराव होता. शर्यत साडेअकराला सुटणार होती.

ट्रकने गाडी खाली आणली. मुख्य मेकॅनिक स्पड तिच्याखाली शिरला आणि लगेच बाहेर आला. चाक धरणारे दांडे वाकले होते, स्टीअरिंगचा रॅक तुटला होता. सुटे भाग शुक्रवारच्या अपघातातच संपले होते. शेजारच्या संघांनी माना हलवल्या. त्यांच्याकडेही एकेकच संच उरला होता आणि पुढे हजार किलोमीटर होते.

ग्लेनिस पर्टेल गाडीकडे बघत उभी राहिली. वडिलांनी वँगारट्टाच्या एका लोकरीच्या शेडमध्ये सुरू केलेला हा संघ आता ती चालवत होती. आज गाडी सुटली तरच पुढच्या वर्षी सोबत राहू, असं प्रायोजकाने बजावलं होतं. दुसरा प्रायोजक नव्हता.

"वर डोंगरावर एक संच आहे," स्पड म्हणाला.

"मर्व्ह माझ्या अंगावर बिअर ओतेल."

"ओतू दे. भिजून ये, पण रॅक घेऊन ये."

मर्व्ह डन्स्टनने दुधाचा टँकर चालवण्यात आयुष्य काढलं होतं. पर्टेल संघ फोर्डची कट्टर प्रतिस्पर्धी, ऑस्ट्रेलियाची स्वतःची होल्डन पळवायचा तेव्हापासून तो दर ऑक्टोबरला डोंगरावर तंबू ठोकून बसायचा. होल्डनचा कारखाना बंद झाला, ग्लेनिसने फोर्ड धरली आणि मर्व्ह तिच्याशी बोलायचा थांबला. संघाची शेवटची लाल होल्डन त्याने विकत घेतली. दरवर्षी ती तो वर आणून उभी करी आणि शेजारी एक चादर टांगी. चादरीवर रंगवलेलं असे: पर्टेल गद्दार.

दोन्ही कंपन्यांच्या गाड्यांना नियमाने पुढचे भाग एकाच साच्याचे. पत्रा वेगळा, हाडं तीच. डोंगरावर हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलून दाखवत कुणी नसे.

ग्लेनिस वर पोचली तेव्हा होल्डनवाल्यांच्या, लाल टोप्यांच्या तळावर सॉसेजेस परतली जात होती. कुणीतरी शीळ घातली. मर्व्ह गाडीला पाठ टेकून जमिनीवर बसला होता.

"तुझी निळी ट्रकवर चढवली, तेव्हा इथे टाळ्या पडल्या," तो म्हणाला.

"खालपर्यंत ऐकू आल्या."

"मी नाही वाजवल्या."

"उपकार झाले."

"उपकार कसले, पोरी. हात ग्रीसने भरले होते."

तो बाजूला सरकला. लाल होल्डन जॅकवर उभी होती. डावं चाक गवतात पडलं होतं. दांडे सुटे झाले होते आणि रॅकचा एकच बोल्ट राहिला होता.

"हा गंजलाय," मर्व्ह म्हणाला. "बघत काय बसलीस? पाना धर."

बोल्ट निघाला. मर्व्हने दोरीवरची चादर ओढली, सगळे भाग तिच्यात गुंडाळले आणि गाठोडं तिच्या हातात दिलं.

"चादर परत आण," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी लागेल."

साडेअकराला बाकीच्या गाड्या सुटल्या. निळी फोर्ड त्यांच्यामागून, एकटी, दुरुस्तीच्या पिटमधून बाहेर पडली.

अर्धी शर्यत झाली तेव्हा ती एकोणिसावी होती. दर फेरीला ती डोंगरावरून जाई आणि लाल टोप्या तिची हुर्यो उडवत. सगळ्यांत मोठा आवाज मर्व्हचा होता. त्याची नजर मात्र पुढच्या डाव्या चाकावर होती. ते अजून सरळ चालत होतं.