पाटीवरची शेवटची ओळ

मुकुंदरावांच्या कानात कुकरची शिट्टी अडकून बसावी, तसा आवाज रात्रंदिवस चालू असायचा. त्यात बाहेरचा आवाज वाढला की कळ थेट मस्तकात जायची. म्हणून कसबा पेठेतल्या त्यांच्या दारावर पाटी होती : ‘बेल वाजवू नये. कडी वाजवू नये. हाका मारू नयेत. आम्ही बहिरे नाही.’

गेल्या गणपतीआधी लेक राजनंदिनी घरातच ताशाचा सराव करायला बसली, तेव्हा ते कडाडले, "या घरात एक तर तो ताशा राहील, नाहीतर मी!"

तिने ताशा उचलला आणि हिंजवडीला ऑफिसजवळ खोली घेतली. "आता तरी तुम्हाला शांतता मिळू दे, बाबा," जाताना ती म्हणाली.

शांतता मिळाली. पण त्या शांततेत कानातली शिट्टी जास्तच मोठी झाली. तिला झाकायला घरात दुसरा आवाजच उरला नव्हता.

यंदा गणपती जवळ आले, तसं त्यांनी पोपट पेंटरला बोलावून घेतलं. बेल वाजवायची छाती नसल्याने तो दार उघडेपर्यंत नुसताच उभा राहिला होता.

"काका, पाटी पुसून टाकू?"

"पुसायची कशाला? नियम म्हणजे नियम. खाली एक ओळ वाढव."

मुकुंदरावांनी कानातले कापसाचे बोळे काढून खिशात टाकले.

"लिही. ताशा घेऊन येणाऱ्यास वरील नियम लागू नाहीत."