माहेरचं नाव

संजीव रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत ग्राहकांची गोपनीय माहिती सांभाळायचा. त्यामुळे ऑनलाइन कॅसिनोत बायकोपासून चोरून खातं उघडताना, पासवर्ड विसरल्यास विचारायचा प्रश्नही त्याने जपून निवडला: बायकोचं माहेरचं नाव. लग्नात वैजयंतीची मीनल झाली होती, हे अख्ख्या सिंगापुरात कुणाला ठाऊक नव्हतं.

एका रविवारी मेल आली. "आपल्या विनंतीनुसार खातं कायमचं बंद केलं आहे. सुरक्षा प्रश्नाचं उत्तर बरोबर होतं."

तो घाबराघुबरा स्वयंपाकघरात गेला. "मीनल, तुझं माहेरचं नाव कुणाला सांगितलंस का गं?"

ती शांतपणे पोहे परतत होती.


"हो, कॅसिनोवाल्यांना. सतरा वर्षांत विचारणारे तेच पहिले."