आजची भांडी कोणाची?

रात्रीची भांडी कोणी घासायची, हे ठरवायला नव्या सुनेने प्रोग्राम लिहिला. घरातल्या पाचही जणांची नावं एका सेटमध्ये टाकली.

"सेटमध्ये पहिला-शेवटचा असं काही नसतं, बाबा. बटण दाबलं की कोणाचंही एक नाव येणार."

"मग येऊ दे की," सासरे म्हणाले. "पाचांत माझं कशाला येतंय!"

आलं. घरभर टाळ्या. दुसऱ्या दिवशीही त्यांचंच. तिसऱ्या दिवशीही. आठवड्याभराने तर सासरे आधी ॲप्रन बांधायचे, मग बटण दाबायचे. "बघू तरी, माझ्यावर किती जीव जडलाय याचा!"

शेवटी सुनेने लॅपटॉप उघडला आणि कपाळावर हात मारला. "आई, घोळ माझाच. प्रोग्राम नावं न ढवळता हाताला लागेल ते वाचतो, पण वाचलेलं नाव सेटमधून काढून टाकत नाही. म्हणून रोज तेच हाताला लागतं. दोन मिनिटांत दुरुस्त करते."

सासूबाईंनी कोपरापर्यंत फेसात बुडालेल्या नवऱ्याकडे पाहिलं, खुदकन हसल्या आणि लॅपटॉप मिटला.

"लग्न होऊन आले तेव्हापासून माझं तरी नाव कोणी काढून टाकलं होतं गं? राहू दे तसंच!"