जंगलातलं तळं

अरुंधतीच्या प्रबंधात दोन तळी होती. एक हमरस्त्याकडेचं, हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ तिथे वाहून यायचं आणि गोड्या पाण्यातलं शेवाळ मरून खारं पाणी मानवणारं माजायचं. दुसरं जंगलातलं, मिठाचा कणही न गेलेलं, तुलनेसाठी. तिथे ती दर सोमवारी एकटीच गाडी घेऊन जायची.

तिसऱ्या वर्षी, २००६च्या वसंतात, जंगलातल्या नमुन्यातही तेच खारं शेवाळ दिसलं. तिने बाटल्या पुन्हा तपासल्या. मग तडक गावच्या रस्तेखात्यातल्या म्हाताऱ्या कुग्लरला गाठलं.

"जंगलातल्या रस्त्यावर मीठ कोण टाकतं?"

"आम्हीच. पूर्वी नव्हतो टाकत, तिकडे जातंय कोण! पण दोन वर्षांपूर्वी तुमच्या यजमानांचं पत्र आलं. बायको दर सोमवारी त्या उतारावरून जाते, एकदा गाडी घसरली, मला घोर लागतो, म्हणून लिहिलं होतं."



कुग्लर खुशीत हसला. "दोन हिवाळ्यांत एकही सोमवार चुकवला नाही, फ्राऊ सबनीस. तुम्ही यायच्या आत टाकून मोकळे!"