सोमवारचं वाढप

पत्रावळीवर मीठ आलं, लिंबाची फोड आली, आणि महेश्वरीच्या तोंडाला पाणी सुटलं. तिची तिलाच लाज वाटली.

शेजारी सासू इरम्मा मांडी घालून बसली होती. घरातलं पीठ काल संपलं होतं. लोहाऱ्याच्या स्टँडजवळचं त्यांचं भांड्यांचं दुकान दिवाळीआधीच बंद पडलं. गिऱ्हाईकच फिरकेना तर काय करणार? नवरा सोलापुरात काम शोधत हिंडत होता. मठात दर सोमवारी पंगत असते, तिथं कोण का आलं हे कुणी विचारत नाही. दर्शनाला जाऊ, आलोच आहोत तर प्रसाद घेऊ, असं दोघींनी वाटेत एकमेकींना दोनदा सांगितलं होतं.

आमटीची बादली जवळ येत होती, तेवढ्यात मठाचे कारभारी शिवलिंगअप्पा समोर उभे राहिले.

"अवो वैनी! तुमी इथं कुठं बसलाव? उठा, उठा."

उठवून घालवतात की काय! पण अप्पांनी हुग्गीचा, म्हणजे गव्हाच्या खिरीचा, डाव तिच्यापुढं धरला.

"श्रावणातलं अन्नदान तुमच्या घरचं असायचं. अन् तुमी पंगतीत? शोभतं का हे? घ्या, वाढा."

मठाची रीतच तशी. ज्या घरानं अन्नदान केलं, त्या घराच्या हाती डाव द्यायचा. तो मान. आणि वाढणाऱ्यानं जेवायचं ते सगळे उठल्यावर.

'अप्पा, मी जेवायला आलेय.' एवढंच तर म्हणायचं होतं. पण इरम्मा खालच्या आवाजात पुटपुटली, "ऊठ की गं. लोकं बघायलेत."

महेश्वरी उठली. पदर खोचला.

वाढत वाढत ती इरम्मासमोर आली तेव्हा म्हातारीनं मान वर केली नाही. "घाल," म्हणाली. महेश्वरीनं घातली. "अजून घाल." अजून घातली. सुनेसाठी काही मागं राहावं, हे म्हातारीच्या मनात आलं असेल का? आलंही असेल. पण भुकेपुढं ती बिचारी तरी काय करणार! महेश्वरीला राग आला, मग रडू आलं. दोन्ही तिनं गिळलं.

एक पंगत उठत होती, दुसरी बसत होती. कापडाच्या दुकानातला गडी, ऑटोवाला, लेकीच्या लग्नाची सगळी भांडी महेश्वरीच्या दुकानातून नेलेला सुतार, त्याची लेकसुद्धा. पूर्वी यातलं कुणी सोमवारी इथं दिसत नसे. सगळे खाली बघून जेवत होते. हुग्गीतल्या गुळाचा वास तिच्या डोक्यात भिनला होता. बोटाला खीर लागली तेव्हा ते चटकन चाटावं असं तिला वाटलं. पण वाढताना तोंड उष्टं करायचं नसतं. तिनं बोट पदराला पुसलं.

शेवटच्या पंगतीला आमटीत पाणी ओतावं लागलं. मग भात संपला. हुग्गीचं पातेलं तिनं डावानं खरवडून खरवडून एका म्हाताऱ्याच्या पत्रावळीवर रिकामं केलं. दारात तरी माणसं उभीच होती. अप्पांनी त्यांना हात जोडले.

महेश्वरी भिंतीला धरून उभी राहिली. अप्पा घाम पुसत जवळ आले.

"तुमी होताव म्हणून निभावलं बघा, वैनी. हितलं तर सरलं समदं. तुमी आता घरी जाऊन निवांत जेवा."

तिनं डाव रिकाम्या पातेल्यात ठेवला.

"अन् एक इचारू का? जेवणारे लई झालेत, वाढायला माणूस मिळना. तुमच्यासारखं खाऊन-पिऊन सुखी घरचं माणूस असलं की कसं, हात सढळ राहतोय. दर सोमवारी येताव का?"

खांबाला टेकून बसलेल्या इरम्माला डुलकी लागली होती.

"येते की," महेश्वरी म्हणाली.