दोनदा वाजणारे नऊ

माणसाने काळावर ताबा मिळवला, तो क्षण इतिहासात नोंदवण्यासारखा होता. फक्त त्या क्षणी काळाचा मालक स्टुलावर उभा होता, अंगठ्याला सोल्डरिंगचा फोड आला होता आणि खालून बायको म्हणत होती, "डावी बाजू खाली गेलीय."

बाल्कनीत जन्मलेलं घड्याळ भिंतीवर चढलं. लाल दिव्यांचे आकडे, एकेक आकडा सात पट्ट्यांचा. चौकट घरच्याच भंगाराची. तीन बाजू मोडक्या कपाटाच्या दाराच्या, चौथी पलंगाच्या एका पट्टीची. पलंग तेव्हापासून जरा कुरकुरत असे, पण विज्ञानासाठी कुणीतरी सोसायचंच.

"महिनाभर बघते," बायकोने निकाल दिला. "चुकलं, की दुकानातलं घड्याळ परत भिंतीवर आणि तुमचा हा पसारा बाल्कनीबाहेर. मला कपडे वाळत घालायला जागा नाही."

निवृत्त माणसाला घरात दोनच जागा असतात, बाल्कनी आणि अडगळ. त्याने मान डोलावली. चौकटीचा एक कोपरा तेवढा जुळत नव्हता. बायकोची पाठ वळताच त्याने त्याला एक गुद्दा घातला. कोपरा जुळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तेव्हा खिडकीत लख्ख उजाडलं होतं आणि घड्याळ पाच दाखवत होतं. बायकोने एक डोळा उघडून पाहिलं, "अजून पाचच," म्हणाली आणि कूस बदलली. त्याने मोबाइल पाहिला. सहा वाजले होते.

गुद्द्याने आतला एक टाका निखळला होता. तासाच्या आकड्याची खालची डावी पट्टी मेली होती. तेवढी एक पट्टी गेली, की सहाचा पाच होतो आणि आठाचा नऊ. दुपारी दोनाचा आकडा लंगडा दिसे, पण तेव्हा बायको ऑफिसात असे. सकाळी मात्र घरात पाच दोनदा वाजत, नऊही दोनदा वाजत, आणि सहा आणि आठ या वेळा पृथ्वीवरून नाहीशा झाल्या होत्या.

सांगितलं, तर बाल्कनी जाणार. दुरुस्त करायचं, तर चौकट उघडताना ती विचारणार. त्याने तोंड मिटलं आणि आठ वाजता बायको "अगं बाई, नऊ!" म्हणत धावत सुटली. डब्याशिवाय.

बिचारी सकाळी तासभर जास्त झोपणार, तासभर आधी निघणार. डबा करणार कधी? दुसऱ्या दिवसापासून खऱ्या सहाला तो ओट्यापाशी उभा राहिला. पहिल्या भाजीत मीठ नव्हतं, दुसरीत दोन्ही भाज्यांचं होतं. पुढे हात बसला. चहाही तोच करू लागला.

अपराधीपणाच्या जोडीला थोडा अभिमानही होता. जन्मभर उशिरा पोचणारी बायको आता ऑफिसचं कुलूप उघडायच्या आधी दारात असणार. शेजाऱ्याला त्याने ऐकवलंसुद्धा, "शिस्त लागते हो. यंत्र चांगलं हवं."

महिना सरत आला. एका सकाळी ती घाईघाईत एका पायात काळी आणि एका पायात तपकिरी चप्पल घालून गेली. हे मात्र त्याला बघवेना. रविवारी तो इस्त्रीसारखी तापलेली सोल्डरिंगची काडी घेऊन स्टुलावर चढला.

"कुठे निघालात?" बायको दारात उभी होती.

"चुकतंय ते," त्याने बाल्कनीवर पाणी सोडलं. "पहिल्या दिवसापासून. आठाचा नऊ दिसतो. तू रोज तासभर आधी जातेस. माझ्यामुळे."

"माहितीये मला."

"काय?"

"मनगटावर घड्याळ आहे माझ्या. पहिल्याच दिवशी जिन्यात कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"दुसऱ्या दिवशी आयता डबा मिळाला. बोलून कोण घालवेल?" ती म्हणाली. "उतरा खाली. त्या घड्याळाला हात लावलात, तर बाल्कनी रिकामी करीन."

तो उतरला. बाल्कनी वाचली, बायको रागावलेली नव्हती, आणि उद्याची भाजी निवडून ठेवायची होती. एकंदरीत माणसाला आणखी काय हवं? तरी एक गोष्ट त्याला उलगडेना.

"पण तासभर आधी जाऊन तू करतेस काय?"

"कोपऱ्यावरच्या मैत्रिणीकडे चहा घेते. गप्पांत वेळ कसा जातो, कळतच नाही."

ऑफिसात तिला अजूनही रोज उशीर होतो.